बानूबाईचा झिरा

सुप्याच्या पुढं डांबरी रस्ता संपून फुफाटा सुरू होतो, तिथून दीड कोसावर कोळेकरवस्ती. चाळीस उंबरे, एक बिरोबाचं देऊळ आणि तीन हातपंप. पंपांपैकी एक गंजून गेला होता, दुसरा दांडा मारला की नुसता सुस्कारा टाकायचा, आणि तिसऱ्याला मोहनराव सरपंचांची म्हैस बांधलेली असायची, म्हणून तिघांत तोच काय तो उपयोगाचा. खाली पणदऱ्याकडं कालव्याच्या पाण्यात ऊस डुलत असायचा, आणि वर वस्तीवरच्या बाया दोन घागरींसाठी माळापल्याडच्या विहिरीपर्यंत दीड तास चालायच्या. ह्यात कुणाचा दोष नव्हता. पाणी उताराकडं जातं आणि वस्ती चढावर होती, शास्त्रच तसं आहे.

१९९५ च्या दिवाळीनंतर पुण्याच्या एका संस्थेची योगिनी नावाची बाई वस्तीवर आली. तिशीच्या आतबाहेरची, पायात बूट, डोक्याला टोपी, काखेत नकाशांची लांब गुंडाळी. मोहनरावांनी देवळापुढं माणसं गोळा केली आणि सकाळपासून पाठ केलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं, "बाई लँडस्केप आर्किटेक्ट हायेत."

"म्हंजी बागवाल्या?" मागून कुणीतरी विचारलं.

योगिनीनं हसून समजावलं. बाग नव्हे. पाऊस पडला की पाणी कुठून पळतं, माती कुठं वाहून जाते, ते आधी बघायचं. मग उतारावर चर काढायचे, बांध घालायचा, गवत लावायचं, झाडं लावायची. पुन्हा दुष्काळ आला तर गाव उठायला नको. पाणी, माती, झाडं, जनावरं, माणसं, सगळ्यांना जमिनीवर आपापली जागा नेमून द्यायची.

मोहनरावांनी जरा विचार केला. "म्हंजी तलाठीच की."

सगळे हसले. योगिनीही हसली. खांबाला टेकून उभे असलेले आबाजी तेवढे हसले नाहीत. बाईच्या यादीत जनावरं होती, हे त्यांच्या कानानं टिपलं होतं. आधी येऊन गेलेल्या साहेबांच्या यादीत जनावरं फक्त एकाच कारणासाठी असायची: चराई बंद.

आबाजींकडं एके काळी दोनशे मेंढरं होती. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून कोकणात उतरायचं, वाटेत बागायतदारांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडावर माळाला परत. आता चौदा उरली होती. मुलगा मल्हार बारामतीच्या एमआयडीसीत कामाला होता. दर पंधरा दिवसांनी तो घरी यायचा आणि चहा पिता पिता म्हणायचा, "आबा, इका आता ती मेंढरं." आबाजी म्हणायचे, "व्हय, इकू." हे बोलणं नऊ वर्षं चाललं होतं आणि दोघांनाही त्याची गोडी लागली होती.

योगिनी त्या चौदा मेंढरांच्या मागं हिंडायला लागली. वहीत लिहून घ्यायची. कुठलं गवत आधी वाळतं, कुठं माती पायाखाली सरकते, पाऊस कुठल्या बाजूनं चढतो. आबाजींना आयुष्यात इतके प्रश्न कुणी विचारले नव्हते, आणि विचारले असतील तर ते फौजदारानं. एक दिवस तिनं दगडावर नकाशा पसरला.

"आबा, ही बघा तुमची मेंढरांची वाट. इथं चर काढणार नाही मी. दोन्ही बाजूंनी गवत राहील."

आबाजींनी ती तुटक रेघ बोटानं चाचपली. त्या कागदावर मोहनरावांचा बंगला नव्हता, पण मेंढरांची वाट होती.

"बाई, सरपंचांना दावू नका हे," ते म्हणाले. "रुसत्याल."

मग जानेवारीत तळ्याच्या जागेचा प्रश्न निघाला. योगिनीनं दोन जागा काढल्या होत्या. एक उंबराचा ओढा. दुसरी वरची घळ, जिथं एक दगड उभा होता. दोन्हीकडं चाचणीचे खड्डे घेतले तर दोन्हीकडं सारखाच मुरूम लागला. आणखी खोल जाणारं यंत्र मागवलं होतं, ते मार्चनंतर मिळणार होतं, आणि मार्चच्या आत काम सुरू झालं नाही तर मंजुरी परत जाणार होती.

"तुम्हाला काय वाटतं, आबा? पाणी कुठं धरेल?"

आबाजींना वाटायची गरजच नव्हती. त्यांना ठाऊक होतं.

बहात्तरच्या दुष्काळात, विहिरींच्या तळात पाली फिरत होत्या तेव्हा, त्यांची बायको बानूबाई ह्याच घळीत गुडघ्यावर बसली होती. वरकुट्याची लेक. तिकडं इंदापुराकडच्या माळावर लहानपणापासून पाणी हुडकत वाढलेली. वाळलेल्या लव्हाळ्यात तिला एक काडी हिरवी दिसली. करवंटीनं उकरत उकरत ती कोपरापर्यंत खाली गेली आणि तिथं माती गार लागली. दुपारपर्यंत झिऱ्यात ओंजळभर पाणी साठलं. त्या उन्हाळ्यात तो झिरा दिवसाला तीन घागरी द्यायचा, आणि बानूबाई वापर झाला की त्यावर एक चपटा दगड सरकवून वर काटे टाकायची. "कुणाला बोलू नगा," तिनं नवऱ्याला बजावलं होतं. "समदी आली तर कुनालाच पुरायचं न्हाय." मेंढरं जगली. झिरा कुणाला कळला नाही.

सहा वर्षांपूर्वी बानूबाई तापानं गेली. जाण्याआधी म्हणाली, "मला तितंच ठिवा. तितली माती गार हाय." त्यांच्या घराण्यात पुरायची चाल. आबाजींनी तिला झिऱ्याशेजारी ठेवलं आणि झिऱ्यावरचा तोच चपटा दगड उशाशी उभा केला. दर अमावस्येला ते त्यावर चिमूटभर भंडारा टाकायचे आणि घरातल्या चार गोष्टी सांगायचे. मेंढरांची संख्या सांगताना थोडी वाढवून सांगायचे.

घळीत आबाजींची कारभारीण आहे, हे वस्तीला माहीत होतं. पण ते बाईच्या कानावर कुणी घातलं नाही. ज्याचं माणूस, त्यानं बोलावं, अशी तिथली रीत. आणि आबाजी बोलले नाहीत. बोलले असते तर प्रश्न त्यांनाच विचारला गेला असता, आणि त्याचं उत्तर काय द्यावं लागेल ते त्यांना माहीत होतं. चाळीस घरं एका बाजूला आणि मेलेली बाई एका बाजूला. असा हिशेब पहिलीतलं पोरसुद्धा करतं.

"मला काय कळतंय, बाई," ते म्हणाले. "मेंढरांना इचारा."

हे त्यांनी टाळण्यासाठी म्हटलं होतं. योगिनीचे डोळे मात्र चमकले.

"म्हणजे?"

"मेंढरू ओलीवर बसत न्हाय. खुरं सडत्यात त्याची. खाली ओल असली तर उभं ऱ्हातं."

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धी वस्ती मेंढरांचं मत ऐकायला जमली. मोहनराव पांढरे कपडे घालून आले होते, कारण मतदान म्हटलं की त्यांना राहवत नसे.

आधी उंबराच्या ओढ्यात. आबाजी काठीवर हनुवटी टेकून उभे राहिले. मेंढरं इकडं तिकडं हुंगत राहिली, एकही खाली बसलं नाही. योगिनीनं घड्याळ बघितलं. अर्धा तास. पाऊण तास.

मग वरच्या घळीत. तिथं पोचल्यावर आबाजींनी खांद्यावरचं घोंगडं काढलं, जमिनीवर अंथरलं आणि दगडापासून दहा पावलांवर मांडी घालून बसले. चंची सोडली. सुपारी कातरली. म्होरकी मेंढी त्यांच्याजवळ आली, पुढचे पाय मोडून बसली आणि रवंथ करायला लागली. मग दुसरी बसली. पान लावून होईतो चौदाही बसली.

मेंढरांना ओल कळते हे खरं आहे. पण त्यांना धनी त्याहून जास्त कळतो. धनी उभा तर आपण चालायचं, धनी घोंगडं टाकून बसला की आपण बसायचं. हे धनगराच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण पाहणाऱ्यांतल्या अर्ध्या जणांना मेंढरं विकून वीस वर्षं झाली होती, आणि बाकीच्यांचं लक्ष मोहनरावांच्या इस्त्रीकडं होतं.

"झालं की," मोहनराव म्हणाले. "बिनविरोध."

योगिनीनं नकाशावर उंबराच्या ओढ्याला निळ्या पेन्सिलीनं गोल केला. आबाजींनी पान चघळलं. त्यात चुना जास्त झाला होता.

फेब्रुवारी ते मे काम चाललं. रोजगार हमीवर वस्तीतल्या तीस बाया होत्या, त्यांत आबाजींची सून छबूबाई सगळ्यांत पुढं. मुरूम टिकावाला दाद देत नव्हता. छबूच्या तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले, शेवटी घट्टे पडले. संध्याकाळी भाकरी थापताना ती सासऱ्याला सांगायची, "मामंजी, पुढच्या उन्हाळ्यात घरापासनं तळं दोनशे पावलं. मी मोजल्यात." आबाजी ताटात बघत म्हणायचे, "व्हय का."

बांधाच्या आधी पाटी झाली. सिमेंटची, पुरुषभर उंच. तीवर तळ्याची लांबी, रुंदी, खोली, सरपंचांचं नाव आणि आणखी अकरा नावं होती. खोदणाऱ्या तीस बायांपैकी एकीचंही नव्हतं, कारण पाटीवर जागा नव्हती.

सप्टेंबरात परतीचा पाऊस आला आणि उंबराचं तळं काठोकाठ भरलं. वस्तीनं नारळ फोडला. छबूनं पाण्यात हळदीकुंकू सोडलं आणि गुडघाभर पाण्यात नुसतीच उभी राहिली. योगिनी पुण्याहून पेढे घेऊन आली. नवव्या दिवशी तळ्यात चिखल उरला आणि चौदाव्या दिवशी भेगा. तळाशी कुठंतरी खडक फाटलेला होता, पाणी त्या वाटेनं निघून गेलं, कदाचित पणदऱ्याच्या उसाला भेटायला. पाटी मात्र पक्की होती. तिच्या सावलीत बैल बांधायला सुरुवात झाली.

पुढचा उन्हाळा आदल्या उन्हाळ्यासारखाच आला. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा ठरला होता, आणि त्यातला एकदा यायचाच नाही. वस्तीला राग काढायला कुणीतरी हवं होतं, आणि शिकलेली बाई त्याला फार सोयीची पडते. "पुस्तकातलं पानी, पुस्तकातच ऱ्हायलं," माणसं म्हणाली. आबाजींना कुणी बोललं नाही. मोहनरावांनी तर जाहीरच केलं, "मेंढरांवर काय केस करता येत न्हाय."

मे महिन्यात योगिनी शेवटची म्हणून आली. संस्थेनं इकडचं काम तिच्याकडून काढून घेतलं होतं. आबाजी छपरात दोरी वळत होते. ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि पिशवीतून तळ्याच्या कामाची छापील पुस्तिका काढली. आत आबाजींचा फोटो होता, काठीवर हनुवटी टेकलेला.

"तुमच्यासाठी ठेवली होती एक प्रत," ती म्हणाली. "मेंढरांनी बरोबर सांगितलं असणार, आबा. मलाच वाचता आलं नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका तुम्ही."

आबाजींच्या हातातली दोरी उलटी वळली.

तेवढ्यात छबू दोन घागरी घेऊन आली. उंबऱ्याशी घागरी उतरवून वाकली तसा डोक्यावरचा पदर चुंबळीसकट खाली पडला. आबाजींनी बघू नये ते बघितलं. टाळूवर मधोमध तळहाताएवढे केस गेलेले होते. कातडी घासून गुळगुळीत, तांब्याच्या भांड्याच्या बुडासारखी.

हे त्यांनी आधी एकदा पाहिलं होतं. बानूबाईला शेवटची आंघोळ घातली तेव्हा. तीस वर्षं तिनं डोक्यावरून पाणी वाहिलं आणि डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा कळलं होतं की आपल्या बायकोला टाळूवर केस नव्हते. छबू अजून चाळिशीचीसुद्धा नव्हती.

छबूनं घाईनं पदर सावरला. आबाजी उठले.

"बाई, चला."

"कुठं?"

"चला म्हन्तो न्हवं."

भर उन्हात त्यांनी तिला वरच्या घळीत नेलं. दगडापासून हातभर अंतरावर ते गुडघ्यावर बसले आणि खुरप्यानं उकरायला लागले. योगिनीला काही समजेना, पण तीही बसली आणि हातानं माती ओढू लागली. कोपराइतकं खाली गेल्यावर आबाजींनी तिचा हात धरून खड्ड्यात घातला. गार होतं. तिनं मूठ बाहेर काढली. माती बोटांना चिकटली होती.

"मेंढरं तर बसली होती इथं," ती हळूच म्हणाली.

"मी बसलो व्हतो, म्हून बसली. मी मुद्दाम बसलो."

योगिनी मुठीतल्या मातीकडं बघत राहिली. मग तिनं दगडाकडं बघितलं. त्यावरचा जुना भंडारा खाचांत अजून पिवळा होता. तिला विचारावं लागलं नाही.

"नाव काय त्यांचं?"

"बानू."

वर एक घार फिरत होती.

"मला सांगायचं होतंत, आबा."

"सांगितलं असतं तर तुमी मला इचारलं असतं. आनि इचारलं असतं तर मी व्हय म्हनलो असतो."

"मग?"

"म्हून तर न्हाय सांगितलं."

योगिनीनं माती खाली टाकली आणि हात झटकले. "चार महिने बाया खणत होत्या, आबा," ती म्हणाली. एवढंच. नोकरीबद्दल ती बोलली नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर आबाजींना सोसल्या असत्या.

त्यांनी घरी येऊन छबूलाही सगळं सांगितलं. ती चूल फुंकत होती. ऐकून झाल्यावर तिनं पुन्हा चूल फुंकली. तीन दिवस ती सासऱ्याशी बोलली नाही. भाकरी मात्र वेळच्या वेळी पुढं येत होती, वर लोणीसुद्धा असायचं, आणि तेच त्यांना गिळवेना.

दुसऱ्या तळ्यासाठी योगिनीनं खटपट केली. उत्तर आलं की कोळेकरवस्तीला तळं आहे आणि कागदावर ते भरलेलं आहे. ज्या गावाला पाणी आहे त्याला पुन्हा पाणी देता येत नाही. तेव्हा पुढच्या हिवाळ्यात छबूनं आठ बाया जमवल्या आणि आबाजींनी टिकाव घेतला. पासष्टी उलटलेला माणूस दिवसाला घमेलं-दोन घमेली मुरूम काढायचा. योगिनी दुसरीकडं नोकरीला लागली होती. ती रविवारी एसटीनं यायची, पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या नळीनं बांधाची पातळी धरायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. आबाजींशी बोलायची, पण आता वही काढायची नाही.

बांध छातीला लागला तेव्हा एक दिवस छबू टोपली खाली ठेवून म्हणाली, "मामंजी, आत्तीबाईंचा दगड वर आनून ठिवू का? बांधावर? समद्या मिळून उचलू."

आबाजींनी दगडाकडं बघितलं. "नगं. वर दगड आनि खाली ती? एकलीच ऱ्हाईल."

"मग त्यांनाच..."

"न्हाय पोरी. तिला उठवू नगा. लय चाललीया ती."

त्या सप्टेंबरात परतीच्या पावसानं तीन दिवस झोडपलं. चौथ्या दिवशी सकाळी आबाजी मेंढरं घेऊन घळीकडं गेले. बांध टिकला होता. पाणी गढूळ, तपकिरी, बांधाच्या खांद्यापर्यंत. दगडाचं टोक दुपारपर्यंत दिसत होतं. मग वरून आलेला एक लोंढा शांतपणे पसरला आणि टोक गेलं. तिथं जरासा भोवरा फिरला, तोही थांबला.

त्या दिवशी नारळ फुटला नाही. पाटीही लागली नाही. मोहनराव येऊन गेले आणि "खोली किती?" एवढं विचारून गेले.

पाणी दहा दिवस राहिलं. वीस दिवस राहिलं. दिवाळी झाली, संक्रांत आली, पाणी होतं. छबू आता दिवसातून चारदा जायची आणि कुणी हाक मारली तर घागर घेऊन वाटेत बोलत उभी राहायची. पूर्वी तिला तेवढी फुरसत नव्हती. टाळूवरचे केस काही परत आले नाहीत.

आबाजी अमावस्येला चंचीतून भंडारा घेऊन काठावर यायचे. कुठं टाकायचा ते कळायचं नाही. ते अंदाजानं हात लांब करून पाण्यावर उधळायचे. पिवळा तवंग वाऱ्यानं सरकत सरकत पलीकडच्या काठाला लागायचा, जिथं बाया पाणी भरायच्या.

"मामंजी, घागरीत भंडारा आला!" एकदा छबूनं पलीकडून हाक दिली.

"येऊ दे," आबाजी म्हणाले. पण ते इतकं हळू म्हणाले की तिला ऐकू गेलं नसावं. तिनं घागर ओतून टाकली नाही. तशीच डोक्यावर घेतली.

आबाजींनी घोंगडं अंथरलं आणि बसले. बानूला घरातल्या चार गोष्टी सांगायच्या होत्या. मल्हारला रात्रपाळी लागली. योगिनीबाई आता रविवारी येत नाही, तिचं लग्न झालं म्हणतात. मेंढरं बारा उरली. ह्या वेळी त्यांनी खरा आकडा सांगितला. पण कुणीकडं तोंड करून सांगायचं, ते पाण्यामुळं समजत नव्हतं.

चंची सोडून त्यांनी मागं बघितलं. बाराही मेंढरं उभी होती. काठाची जमीन ओली होती, पायाखाली पचपच करत होती. म्होरकी जवळ आली, घोंगड्याला नाक लावलं, धन्याकडं बघितलं आणि तशीच उभी राहिली.

"बस की," आबाजी म्हणाले.

ती बसली नाही. मग आबाजीच उठले, ओलं झालेलं घोंगडं झटकलं, आणि मेंढरं वळवून माळाला लागले.